तोंडी हिशेबाचा आवाज

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माणदेशातल्या म्हसवडच्या बायकांनी नव्वदच्या दशकात स्वतःची बँक काढायचं ठरवलं, त्यामागचं कारण अगदी साधं होतं. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजच्या कमाईतले थोडे पैसे बाजूला टाकायचे होते. पावसाळ्यात डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घेता यावा, एवढाच हेतू. पण इतक्या बारीक रकमेचं खातं उघडून घ्यायला कुठलीच बँक तयार होईना. चेतना गाला सिन्हा तेव्हा लग्नानंतर मुंबई सोडून म्हसवडला स्थायिक झालेल्या होत्या. त्यांनी बायकांना जमवून रिझर्व्ह बँकेकडे परवान्याचा अर्ज केला. तो नामंजूर झाला, कारण सभासदांच्या सह्यांच्या जागी अंगठे होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशांच्या नावे बँक कशी द्यायची, असा प्रश्न होता. बायका म्हणाल्या, मग शिकू की! आणि खरोखरच शिकायला बसल्या.

काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. तिथे काय झालं ते चेतनाताईंनी 2018 साली टेडच्या व्यासपीठावरून जगाला सांगितलं आहे. बायकांनी थेट पैजच लावली. कोणतीही मुद्दल सांगा, आम्ही व्याज काढतो. नाही जमलं तर परवाना देऊ नका. आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा, बघू आधी कोणाचं उत्तर येतं. परवाना मिळाला, आणि 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

या हकिकतीतल्या धाडसाचं कौतुक सगळेच करतात आणि ते योग्यच आहे. मी मात्र त्या पैजेपाशी अडकून राहतो. अक्षर नुकतंच हाताला लागलेल्या बायका, समोर आयुष्यभर आकड्यांत वावरलेली माणसं, आणि तरीही वेगाच्या शर्यतीत आपण हरणार नाही याची खात्री. ती खात्री आली कुठून? त्या बायकांच्या डोक्यात नेमकं काय चालत होतं?

माणदेशात, किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही आठवडी बाजारात, व्याज वार्षिक टक्क्यांत बोलत नाहीत. ते बोलतात शेकडा आणि महिना. शेकडा दोन म्हणजे शंभराला महिन्याचे दोन रुपये. आता समजा साडेसात हजार रुपये शेकडा दीडने चार महिन्यांसाठी घेतले. शाळेत शिकलेला माणूस आधी दीडचे बारा महिन्यांचे अठरा टक्के करणार, मग मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर असं सूत्र मांडणार, चार महिने म्हणजे वर्षाचा एक तृतीयांश हे आठवणार, आणि कागद मागणार. बाजारातली बाई म्हणेल: पंच्याहत्तर शेकडे. पंच्याहत्तर आणि साडेसदतीस, एकशे साडेबारा. दोन महिन्यांचे सव्वादोनशे, चारांचे साडेचारशे. संपलं.

या चार वाक्यांत किती गणित आहे ते सावकाश पाहिलं की थक्क व्हायला होतं. साडेसात हजारांना तिने आधी शेकड्यांत मोडलं, म्हणजे शंभराने भागायचं काम हिशेबाच्या सुरुवातीलाच उरकून टाकलं. दीडने गुणायच्या ऐवजी मूळ आकडा आणि त्याचा निम्मा यांची बेरीज केली. चारने गुणायच्या ऐवजी दोनदा दुप्पट केली. एकही पायरी अशी नाही की जिथे हातात असलेला आकडा कशाचा आहे ते तिला ठाऊक नाही. पंच्याहत्तर म्हणजे शेकडे, एकशे साडेबारा म्हणजे महिन्याचं व्याज, सव्वादोनशे म्हणजे दोन महिन्यांचं. सूत्रात मात्र सात हजार पाचशेला अठराने गुणलं की एक लाख पस्तीस हजार येतात, आणि हे एक लाख पस्तीस हजार कशाचे, याला व्यवहारात उत्तरच नसतं. मध्येच चूक झाली तर ती कळणार कशावरून?

दीड, अडीच, पाऊण यांच्याशी ही जी सलगी आहे, ती एके काळी मराठी शाळेतही होती. पंतोजींच्या शाळेत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मुलं घोकत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा! आणे-पैशांच्या आणि शेर-अच्छेराच्या जगात त्यांना रोजचं काम होतं. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले, पाठोपाठ मेट्रिक वजनमापं आली, आणि शाळेतून हे पाढे निघून गेले. बाजारातून मात्र पाव, पाऊण, दीड, अडीच गेले नाहीत. म्हसवडला आजही भाजी पाव किलोनेच मागतात.

आता तोंडी हिशेबाची दुसरी खुबी. कागदावर आपण बेरीज, वजाबाकी, गुणाकार एककापासून सुरू करतो, म्हणजे सगळ्यात किरकोळ अंकापासून. तोंडी हिशेब मोठ्या रकमेपासून सुरू होतो. बारा रुपयांच्या सात जुड्या मेथी घेतली तर विकणारी म्हणते, दहा जुड्यांचे एकशे वीस, तीन कमी, छत्तीस गेले, चौऱ्याऐंशी. पहिल्याच शब्दात ती उत्तराच्या आसपास पोचते आणि मग ते घासून नेमकं करते. शेवटी घाईत चुकलीच, तर रुपया-दोन रुपयांची चूक होईल, शंभराची नाही. शाळेत हातचा विसरलेल्या मुलाचं उत्तर दहाने, शंभराने कुठेही जाऊ शकतं, आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि ते दहातून तीन काढणं? बीजगणिताच्या पुस्तकात वितरण गुणधर्म म्हणून जो नियम कंसांसकट येतो, तोच हा. मेथीच्या जुडीवर तो कुणी छापून दिलेला नाही, तरी तो तिथे रोज वापरला जातो.

ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही. ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात तेरेझिन्या काराहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटपाथवर नारळ-फळं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला आणि तो 1985 साली प्रसिद्ध झाला. आधी गिऱ्हाईक बनून त्यांनी मुलांना बाजारातच प्रश्न विचारले. 63 प्रश्नांपैकी 98 टक्के उत्तरं बरोबर. मग तेच आकडे कागदावर नुसती उदाहरणं म्हणून दिले, तेव्हा बरोबर उत्तरं 37 टक्क्यांवर घसरली. मूल तेच, आकडे तेच. एका बारा वर्षांच्या मुलाला दहा नारळांची किंमत विचारली, एक नारळ पस्तीसला. दहाने गुणताना शून्य लावायचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो तीन नारळांचे एकशे पाच धरून पुढे सरकला, आणखी तीन, आणखी तीन, शेवटी एक, आणि तीनशे पन्नासवर पोचला. तीन नारळांचा भाव त्याला रोजच्या विक्रीतून पाठ होता. हिशेब तिथूनच सुरू झाला.

चाळीस वर्षांनी, 2025 साली, अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच शोध कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत घेतला आणि तो 'नेचर'मध्ये छापून आला. बाजारात काम करणारी 1,436 मुलं. जवळजवळ सगळी मुलं अवघड व्यवहार डोक्यात अचूक करत होती, पण त्याहून सोपी उदाहरणं शालेय पद्धतीने मांडली की अडत होती. यात माझं लक्ष वेधलं ते उलट्या बाजूने. त्याच भागातल्या शाळांतली, बाजारात काम न केलेली 471 मुलंही तपासली होती. ती कागदावरच्या साध्या उदाहरणांत पुढे होती. पण बाजारातला एक हिशेब, जो काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडवला, तो शाळेतल्या मुलांपैकी फक्त एका टक्क्याला सुटला. म्हणजे पूल दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संशोधकांनी धारावीत काम करणाऱ्या मुलांच्या अशाच गणिताचा माग घेतला आहे. बाजारातलं गणित वर्गात येत नाही आणि वर्गातलं बाजारात जात नाही, ही तक्रार जुनी आहे. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात भाजीवाली आणायची. ते ठीक आहे, पण त्या भाजीवालीचा नुसता भाव पुस्तकात येतो. तिची रीत येत नाही.

रीत का येत नाही, याचं कारण मला असं दिसतं की ती मुळात लिहिलेली नाही, बोललेली आहे. कागदावर उतरवली की तिचं उत्तर तेवढं उरतं. बाई कुठे थांबली, कोणता आकडा आधी घेतला, कुठे मागे येऊन दुरुस्ती केली, बोटाच्या पेरांवर काय मोजलं, हे सगळं आवाजात असतं. म्हणून हे गणित वर्गात आणायचं साधन फळा नाही, वहीही नाही. ते आहे ध्वनिमुद्रण. आणि आज ते यंत्र जवळजवळ प्रत्येक घरातल्या फोनमध्ये आहे.

म्हसवडला आवाजाचं मोल कुणी समजावून सांगायची गरज नाही. चेतनाताईंच्या माणदेशी फाउंडेशनचं सामुदायिक रेडिओ केंद्र तिथे 2008 पासून चालतं, माणदेशी तरंग वाहिनी, 90.4 मेगाहर्ट्झ. तिथल्या निवेदिका केराबाई सरगर यांना लिहिता-वाचता येत नाही. त्या गाणी रचतात, ध्वनिक्षेपकापुढे बसून बोलतात, आणि त्यांचा आवाज या परिसराच्या ओळखीचा झाला. संहिता लिहिता येत नसेल तर निवेदक कसं होता येईल, ही शंका तिथे कामाच्या ओघातच मिटली. सामुदायिक रेडिओच्या नियमांत एक तरतूद मला फार आवडते: निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले असले पाहिजेत. 2006 च्या धोरणात स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रं चालवायची मुभा मिळाली आणि प्रक्षेपणाच्या ताकदीवर 100 वॉटची मर्यादा घातली गेली. शंभर वॉट! जुन्या काळी एक बल्ब तेवढा खात असे.

त्या 90.4 मध्येही एक हिशेब दडला आहे आणि तो तोंडी करता येतो. 90.4 मेगाहर्ट्झ म्हणजे लहर सेकंदाला नऊ कोटी चार लाख वेळा कंप पावते. प्रकाश आणि रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, म्हणजे तीस कोटी मीटर. तीस कोटींत नऊ कोटी किती वेळा? तीनदा आणि वर थोडं. म्हणजे म्हसवडच्या केंद्रातून निघणारी प्रत्येक लहर सुमारे सव्वातीन मीटर लांब, एखाद्या खोलीच्या रुंदीएवढी. ती आपल्या घरातून, आपल्या अंगावरून सतत जात असते, आणि तिची लांबी सातवीतल्या मुलाला बोटांवर काढता येते.

आता फोनवर आवाज साठवला जातो म्हणजे काय होतं, तेही पाहू. सीडीच्या प्रमाणानुसार आवाज सेकंदाला 44,100 वेळा मोजला जातो. हवेचा दाब त्या क्षणी किती, याची एक संख्या लिहायची, लगेच पुढची. इतक्या वेळा का? माणसाच्या कानाला सेकंदाला 20 ते 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि लहर नीट पकडायची तर तिच्या कंपनांच्या दुपटीहून जास्त वेळा ती मोजावी लागते. दुप्पट म्हणजे चाळीस हजार, आणि वर थोडी मोकळीक. पण नेमकं 44,100 च का? सुरुवातीला असा आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला 60 पडदे, प्रत्येकात वापरता येतील अशा 245 ओळी, प्रत्येक ओळीत 3 संख्या: गुणाकार 44,100. युरोपच्या पद्धतीत 50 पडदे, 294 ओळी, 3 संख्या: गुणाकार पुन्हा 44,100. दोन्ही यंत्रांवर चालणारा आकडा निवडला गेला. आणि या आकड्याच्या पोटात अजून एक गंमत आहे. 2, 3, 5 आणि 7 या पहिल्या चार मूळ संख्यांचा गुणाकार 210, आणि 210 चा वर्ग 44,100. मेथीवालीने सांगितलेला हिशेब फोनवर या प्रमाणात घेतला की त्याचा प्रत्येक सेकंद 2, 3, 5, 7 च्या वर्गांत चिरला जातो. पाचवीच्या वर्गात मूळ अवयव शिकवताना याहून चांगलं उदाहरण कुठलं द्यायचं, मला सुचत नाही.

पुढचं गणितही मुलांनी करावं असं आहे. एका मिनिटात 26 लाख 46 हजार संख्या होतात. प्रत्येकीला दोन बाइट जागा लागते, म्हणजे सुमारे 53 लाख बाइट. तेच मिनिट बोलण्याला पुरेल अशा एमपी3 मध्ये, सेकंदाला 64 हजार बिटांच्या वेगाने साठवलं, तर 4 लाख 80 हजार बाइटांत मावतं. अकरावा हिस्सा! बाकीचे दहा गेले कुठे? मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज आपल्या कानाला मुळात ऐकूच येत नाही, तो झाकला जातो. यंत्र असे झाकले जाणारे आवाज शोधतं आणि ते ठेवण्यात जागा खर्चत नाही. ज्यांनी ही युक्ती शोधली त्यांनी आधी माणसाचा कान कशाकडे दुर्लक्ष करतो हे वर्षानुवर्षं मोजलं. पॉडकास्ट म्हणजे अशी एक लहानशी फाइल आणि तिच्याबरोबर नवा भाग आला आहे हे ऐकणाऱ्यांच्या फोनला कळवणारी एक यादी. शंभर पानी वहीइतकंही भांडवल त्याला लागत नाही.

तर मग वर्गात काय करायचं? माझं आग्रहाचं म्हणणं असं की पॉडकास्ट म्हणजे गुरुजींचा पाठ रेकॉर्ड करून पाठवणं नव्हे. तेही उपयोगी आहे. 2020 च्या टाळेबंदीत दिगंत स्वराज फाउंडेशनच्या कार्यकर्त्यांनी आदिवासी पाड्यांवर ध्वनिवर्धक घेऊन 'बोलकी शाळा' भरवली, तेव्हा फोन नसलेल्या मुलांपर्यंत धडे त्यामुळेच पोचले. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले आणि 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या सगळ्यात आवाज शाळेकडून घराकडे जातो. मला हवाय तो उलटा प्रवास. मुलांनी फोन घेऊन घरी, बाजारात, गोठ्यात जावं, एकच हिशेब विचारावा आणि करणाऱ्याला तो मोठ्याने बोलत करायला सांगावं. उत्तर नको, रीत हवी. दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली. मग वर्गात सगळ्यांनी मिळून ऐकायचं, मध्येच थांबवायचं आणि विचारायचं: आता ती पुढे कोणता आकडा म्हणेल?

हा थांबवण्याचा क्षण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मुलं अंदाज करतात, आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो. कुणी दहातून तीन काढेल, कुणी सहा आणि एक करेल, कुणी पाच आणि दोन. मग पुढचं ऐकायचं. दुसऱ्या माणसाच्या डोक्यात विचार कोणत्या वाटेने जातो, हे इतक्या स्पष्टपणे ऐकायची संधी शाळेत एरवी क्वचितच मिळते.

विषयांची तर माणदेशात वाण नाही. दूध संकलन केंद्रावरची चिठ्ठी घ्या. गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) धरून जाहीर होतो, आणि त्याखाली घसरलं की पॉइंटमागे पैसे कापतात. सहावीतल्या मुलाला दशांश अपूर्णांक रुक्ष वाटतात. पण घरच्या दुधाला आज 3.5 ऐवजी 3.3 का लागली आणि त्याने महिन्यात किती फरक पडला, हा प्रश्न त्याच्या आईला रोज पडतो. ती तो कसा सोडवते, ते तिच्याच तोंडून ऐकायला हवं.

पावसाचं गणित तर इथे प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचं. सपाट जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, इतकं सुटसुटीत नातं निसर्गात क्वचितच सापडतं. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर, तर गुंठ्यावर मिलिमीटरला 101 लिटर. चाळीस गुंठ्यांच्या एकरावर 25 मिलिमीटरची एक चांगली सर पडली तर एक लाख लिटरहून जास्त. दहा हजार लिटरचे दहा टँकर! ज्या मुलाने घराशेजारी टँकर रिकामा होताना पाहिला आहे, त्याला लाख म्हणजे किती हे सांगावं लागत नाही. 2012-13 च्या दुष्काळात म्हसवडला उभी राहिलेली माणदेशीची चारा छावणी या भागातल्या मोठ्या माणसांच्या आठवणीत आहे. जनावरामागे दिवसाला किती पाणी, किती वैरण, किती दिवस पुरेल, हे हिशेब तेव्हा कसे केले, हे त्यांना आज विचारता येईल. ती पिढी अजून आहे, तोवरच.

आणि ललिता बाबर. माण तालुक्यातल्या मोहीची ही धावपटू 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. प्राथमिक फेरीतली तिची वेळ होती 9 मिनिटं 19.76 सेकंद, तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. म्हणजे दर शंभर मीटरला साधारण 18.7 सेकंद. शाळेच्या मैदानावर शंभर मीटर आखा, मुलांना पळवा, घड्याळ लावा. बहुतेक धडधाकट मुलं एकदा 18 सेकंदांत पळतील. मग सांगा की हेच न थांबता तीस वेळा, वाटेत 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या घेऊन. सरासरी म्हणजे काय, हे छातीच्या धापेने कळतं. त्या वेळची मुलांची बडबड, धाप लागलेले आकडे, घड्याळ धरणाऱ्याची ओरड, हे सगळं ध्वनिमुद्रित करण्याजोगं आहे.

ध्वनिमुद्रणाचीही एक अडचण आहे, आणि तिचं उत्तर माणदेशातच आहे. शाळेच्या खोल्या सिमेंटच्या नाहीतर पत्र्याच्या, आत आवाज घुमतो. दहा मीटर दूरच्या भिंतीवर आपटून परत यायला आवाजाला वीस मीटर जावं लागतं. सेकंदाला 343 मीटरच्या वेगाने त्याला सुमारे 0.06 सेकंद लागतो, आणि असे अनेक पडसाद एकमेकांत मिसळून शब्द पुसट होतात. कोपऱ्यात दोरीवर दोन-तीन घोंगड्या टांगाव्यात आणि त्यांच्या आडोशाला बोलावं. लोकरीच्या जाड विणीत आवाज अडकतो, परत फिरत नाही. धनगरांच्या मुलखात याहून उत्तम साहित्य कुठून आणायचं?

आता लिहिण्याकडे येतो, कारण ऐकून सोडून दिलं तर निम्मंच काम होतं. ऐकलेली रीत मुलांनी शाळेच्या ब्लॉगवर उतरवावी: आधी बाईच्या शब्दांत जशीच्या तशी, मग चिन्हांत. 'दहाचे एकशे वीस, तीन कमी' हे वाक्य (10 − 3) × 12 असं लिहिताना मुलाला पहिल्यांदा कंसाची गरज भासते. कंस पुस्तकात होताच, पण तो का आहे हे आता कळलं. एकाच हिशेबाच्या दोन-तीन रीती शेजारी शेजारी मांडल्या की कोणती कधी सोयीची यावर वाद होतो, आणि तो वाद म्हणजेच गणित. तोंडी रीतीच्या मर्यादाही इथेच उघड होतात. व्याजावर व्याज चढत गेलं, मुदत पाच वर्षांची झाली, की डोक्यात धरून ठेवणं अवघड जातं आणि सूत्र आपलं सामर्थ्य दाखवतं. बायकांनी परवान्यासाठी अक्षरं गिरवली, ती यासाठीच उपयोगी पडली असणार. तोंडी आणि लेखी यांत एकाला जिंकवायचं नाही. दोन्हींमधून ये-जा करता आली पाहिजे.

एक पथ्य मात्र कडक पाळावं. लोकांचे पैशांचे हिशेब खाजगी असतात. कोणाचं कर्ज किती, कोणाचं दूध किती, हे जाहीर व्हायला नको. म्हणून परवानगी घेऊनच ध्वनिमुद्रण करावं, आकडे बदलून घ्यावेत, नावं गाळावीत. माणदेशी बँकेच्या बायकांनी एकदा पासबुकच नको म्हणून सांगितलं होतं, कारण ते घरात दिसलं की नवरे रक्कम वाचत; त्यांनी त्याऐवजी कार्डाची मागणी केली. आपल्या आकड्यांवर आपला ताबा असावा, हे त्यांनी कुणाच्या सांगण्याशिवाय ओळखलं होतं. मुलांनाही ते सुरुवातीलाच शिकवलेलं बरं.

शंभर वॉटचा रेडिओ म्हसवडच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचतो. फोनवरचा पॉडकास्ट त्यापलीकडे जातो, आणि माण, खटाव, आटपाडी, खानापूर या तालुक्यांना त्याची जरुरी आहे. दुष्काळाच्या या पट्ट्यातली असंख्य घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी आटवून शुद्ध करणारे हे लोक केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत सराफ पेठांत पसरलेले आहेत. वडील कोईमतूरला किंवा त्रिशूरला, मूल गावच्या शाळेत, असं घर इथे नवलाचं नाही. त्या वडिलांकडे शाळेच्या पुस्तकात नसलेलं गणित आहे. 22 कॅरेट म्हणजे चोविसातले बावीस भाग सोनं, म्हणूनच दागिन्यावर 916 हा आकडा उठवलेला असतो. आणि सोनं शुद्ध करायच्या जुन्या रीतीत एक विलक्षण प्रमाण आहे. अशुद्ध सोन्यात आधी आणखी चांदी मिसळतात, इतकी की सोनं एकूण वजनाच्या पाव व्हावं. मगच ते नत्राम्लात टाकतात. सोनं पावाहून फार जास्त असेल तर आम्ल आतल्या चांदीपर्यंत पोचतच नाही, सोन्याचे अणू तिला झाकून टाकतात. पावावर आणलं की चांदी, तांबं विरघळून जातं आणि तळाशी सोनं उरतं.

म्हणजे पावकी अजून कामावर आहे. म्हसवडच्या सातवीच्या वर्गाने पॉडकास्टवरून एक प्रश्न पाठवावा: अठरा कॅरेटचा बारा ग्रॅमचा डाग आहे, त्याचं सोनं पावावर आणायला चांदी किती घालायची? कागदावर उत्तर चोवीस ग्रॅम येतं. पण मुलांनी वडिलांना एवढंच सांगावं, की आकडा पाठवू नका. भट्टीशेजारी उभं राहून हिशेब मोठ्याने बोलत करा आणि तो आवाज पाठवा. आधी सोनं किती ते काढता, की आधी एकूण वजन किती व्हायला हवं ते धरता?